बाजूने न येणारे पक्षी

१४ नोव्हेंबर १९७१

लहानपणी शनिवारी कॉन्व्हेंट सुटलं की माझी मैत्रीण शरयू आणि मी मदनमहालच्या टेकडीवर. एक पेरू दोघींत — मोठा तुकडा तिला, नेहमी! सिस्टर शिकवायच्या : खडकावर बसा, मान हलवू नका, डोळ्यांच्या कडेने बघा. पक्षी बाजूनेच येतो. केस पिकले, तरी मी अजून तशीच बसते.

पण यंदा काहीतरी निराळंच आहे. आज यांच्या कारखान्यामागच्या वाटेवर सकाळभर बसले. पक्षी बाजूने येतच नाहीत! एकदम समोर उगवतात. आधी कोतवाल, मग थिरथिरा. आले कुठून, ते दिसलंच नाही.

का बरं?

१७ नोव्हेंबर

बारांमुळे असेल. लढाईची चिन्हं दिसू लागल्यापासून कारखान्यात तोफगोळ्यांची चाचणी दिवसभर चालते. भांडी थरथरतात. पाखरांनी वाटा बदलल्या असतील.

यांना सांगितलं. हे नुकतेच डबल पाळी करून आलेले, चहात बिस्किट बुडवत होते. "अच्छा! आम्ही तिथे राबून राहिलो, आणि तुझी पाखरं आमच्यावरच रुसली?"

पण विचारात पडले. मग म्हणाले, "जिथे बार ऐकू येत नाही, तिथे जाऊन बघ ना."

खरंच की!

२१ नोव्हेंबर

गोकलपूरचा तलाव. बार इथेही ऐकू येतात. खंड्या समोर टपकला — बाजूने नाहीच.

२८ नोव्हेंबर

लम्हेटाघाट. इथे फक्त नर्मदेचा आवाज, बार नाही. सुनेला बरोबर नेलं. शैलजा नागपूरची, तिचं तोंड बंद ठेवणं कठीण!

"आई, परीट!"

"कुठे गं?"

"तुमच्या चपलेपाशी! काहून थट्टा करून राहिल्या?"

मान वळवली, तेव्हा दिसला. शेपटी हलवत, अगदी हाताच्या अंतरावर. मग उजवीकडे चक्रवाकांची जोडी, डावीकडे टिटवी — सगळं तिलाच आधी. मी म्हटलं, मान हलवायची नसते. तर म्हणते, "मग पाखरांनी समोर यायला अर्ज करायचा का?"

हसले खूप. पण माझा तर्क बुडाला तिथेच. बार नसतानाही तेच! शैलजाचे डोळे तरुण आहेत, माझे म्हातारे — एवढंच असेल?

४ डिसेंबर

लढाई सुरू. काचांना काळे कागद लावले. दाराच्या चौकटीवर पुन्हा खांदा आपटला. हा ब्लॅकआउट!

९ डिसेंबर

भरदुपारी ओसरीवर गहू निवडत होते. शेजारून आवाज — "हेमा, रागावलीस काय गं? केव्हाची बसलेय, बघतही नाहीस!"

शरयू! माझ्या उजव्या हाताला. लख्ख ऊन पडलेलं. काळे कागद नाहीत, बार नाहीत. आणि ती माझ्याच वयाची. तिला म्हटलं, समोर बघ, माझा हात बाजूला कधी दिसतो ते सांग. तिने लगेच सांगितलं. मग तिने आपला हात माझ्या बाजूला धरला, मी समोर बघत राहिले. ती हात पुढे आणत राहिली, आणत राहिली...

"आता?"

"नाही."

"आता गं?"

जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दिसला. शरयूने हात खाली घेतला. नुसती माझी बोटं दाबत बसली.

पक्षी बाजूनेच येत होते तर.

१३ डिसेंबर

ओमतीवरचे डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. "माताजी, जो गया वो नहीं लौटेगा. जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे." बाहेर आल्यावर हे रिक्षा शोधायचंच विसरले.

पक्षी बघायच्या माझ्या जागा वाटून टाकते. कारखान्यामागची वाट यांना, रिटायर झाल्यावर. ऊन चढायच्या आत जावं, सूर्य पाठीशी ठेवावा. मदनमहाल शरयूचा — गुडघे सांभाळून. लम्हेटा शैलजाला. तिने तिथे मोठ्याने बोलावं, काय दिसतंय ते सांगत राहावं. मला बरोबर न्यावं.

गोकलपूर कुणाला देत नाही. ती वाट सपाट आहे. तिथे अजून एकटीने जाईन.