विमान बघायला तू जा

प्रिय उज्ज्वलाताई,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. अक्षर लागेल तसं लावून घे. माय सांगत होती, हवाई दलाला नवं लढाऊ विमान निवडायचंय, त्याच्या चाचण्यांना तुझं नाव निघालंय, सहा महिने बाहेर, आणि तू नाही म्हणणार आहेस. सोमवारी कळवायचंय म्हणे. का नाही, ते मला आधी कळेना.

इथे सुरतेत, आमच्या पांडेसऱ्यात, विमान कधीच निवडून झालंय. गणेशच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, रोज निवडतात. डाइंगमधली पोरं निळे-लाल हात घेऊन येतात आणि कुठलं जास्त पळतं, कुठलं रडारला दिसत नाही, यावर भांडतात. गणेश म्हणतो, "दिसतच नाही तर घेताय कशाला?" मी गप्प बसतो, हे तुला पटणार नाही. माझी बहीण हवाई दलात विमानांचीच इंजिनिअर आहे म्हटलं तर चहा फुकट मिळेल, पण मग प्रश्नही विचारतील. चहा बरा असतो त्याचा, साखर मात्र अगदी सुरती.

मला विमानातलं काय कळतं! पण मशीन कसं निवडतात ते पाहिलंय. आमच्या कारखान्याच्या गजेंद्रशेठनी गेल्या साली प्रदर्शनात एक लूम, कापड विणायचा माग, पसंत केला. एसीच्या हॉलमध्ये असा पळत होता की शेठ उभ्या उभ्या हो म्हणाले. आमच्या शेडमध्ये आला, धाग्याची रुई बसली, आठवड्यात बंद. एक पट्टा बदलायला अर्धं मशीन खोलावं लागायचं. आता त्यावर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर मांजर व्यालीय, तीन पिल्लं, त्यातलं एक तर... असो. या खेपेला शेठनी फिटर सुकलालकाकांना सोबत नेलं, मी पाने-पकडी उचलायला. विकणारा मशीन पळवून दाखवत होता. काका म्हणाले, "चालतं मशीन कोनी बी दखाडी. बंद कर ते. माना हात आत जास का, ते पाहू दे." आणि बाही वर करून खांद्यापर्यंत आत शिरले. विकणारा हसत होता, शेठ घड्याळ बघत होते. तिसऱ्या मशीनला काकांचा हात पोचला. तेच आणलं.

तेव्हा तूच आठवलीस. लारीवर सगळे उडत्या विमानाचं बोलतात. उतरल्यावर भर उन्हात त्याच्या पोटात हात कोण घालणार, हे कुणी विचारत नाही. ते विचारणारं माणूस तिथे हवं, ताई.

काल शेवटी मायनं सांगितलं. तू म्हणालीस, श्रीरंग कुठे टिकतो, आज नाशिक, उद्या गोवा, मायकडे बघणार कोण? खरंय ग. पाच वर्षांत सात कामं सोडली. मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, तू रजा काढून आलीस. पण काकांच्या हाताखाली मला अकरा महिने झाले. इथेच जवळ बमरोलीत तळमजल्यावर खोली घेतलीय आणि दीड महिना माय माझ्याकडेच आहे. तुला सांगू नको, असं मीच तिला म्हणालो होतो, आधी माझीच मला खात्री नव्हती. रोज सकाळी इन्शुलिन मी देतो. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले, तर म्हणते, "सुई माले टोचस, तू कशाले डोया मिटस?" आता उघडे ठेवतो. सोमवारी हो म्हण. मायजवळ मी आहे.

तुझाच, आणि आता इथलाच,
श्रीरंग