सिहोऱ्याच्या भिंतीवर

१६ नोव्हेंबर १९७७

आज मोहाडीची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दादाने दुकान दुपारीच बंद केलं. आज लुगडं घ्यायला कोण येणार, सगळं गाव मैदानात! मी कॅमेरा गळ्यात अडकवला तशी कुसुमवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, येतानी पोराइसाठी लाडू आना." म्हणजे मी मंडईला जातो ते लाडू आणायलाच.

गाव पाहुण्यांनी फुगलंय. जावई आलेत, मेहुणे आलेत, मुली बघायला येणारेही आलेत. माझ्यासाठी मुलगी बघायचं आता कोणी काढत नाही. तेहतीस झाली. दादा दोनतीन ठिकाणी जाऊन आला होता, मग तोही थकला. वहिनींच्या माहेरची मंडळी माझ्या खोलीत झोपली आहेत, म्हणून हे दुकानात लुगड्यांच्या थप्पीला टेकून लिहितो आहे.

नाचगाण्याच्या दंडारी बऱ्याच आल्या होत्या. एका दंडारीतला नाच्या फार गोड नाचला. लुगडं नेसलेला पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी बायका पदर तोंडाला लावून टक लावून बघत होत्या. करवतकाठी नेसला होता. तो काठ मी झोपेतही ओळखीन. उन्हाकडे तोंड करून त्याने हात वर नेला आणि मी बटन दाबलं. हा फोटो चांगला येणार.

रोलमध्ये एकच उरला होता. शेंगदाणेवाल्याला म्हटलं, माझा काढ. त्याने आधी कॅमेरा उलटाच धरला. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभा राहिलो. कोणाला दाखवणार आहे, देव जाणे.

२७ नोव्हेंबर १९७७

भंडाऱ्याहून रोल धुऊन आणला. स्टुडिओवाला यादोराव म्हणतो, "नाचीन झकास आली गा. अन् हा कोन? तू? दुपट्ट्याच्या सावलीत तोंडच गेलं तुयं." तो काही खोटं बोलला नाही.

ज्याचा फोटो त्याला नेऊन द्यायचा, असा माझा नेम आहे. पैसे घेत नाही. दादा म्हणतो, येड लागलं तुले. खरं कारण त्याला सांगितलेलं नाही. फोटो घेऊन गेलं की लोक बसा म्हणतात, चहा टाकतात, घरातली सगळी गोळा होतात. तेवढा वेळ मी कोणाच्या तरी घरी असतो.

नाच्याचा फोटो मात्र हातातच राहिला. त्या दंडारीतल्या लोकांना विचारलं तर हसायला लागले. "नाव नोका विचारू. त्याच्या घरी मालूम नाही." फोटो दुकानातल्या माझ्या मेजाच्या काचेखाली ठेवला.

७ मार्च १९७८

महाशिवरात्र. गायमुखची यात्रा. गर्दीत हरवलेलं एक पोर माझ्या खांद्यावर बसून आपली आई शोधत होतं. सापडली. तिने पोर ओढून घेतलं आणि निघाली. फोटो काढायचा राहून गेला.

घरी आलो. यात्रा कशी झाली, कोणी विचारलं नाही.

२८ मे १९७८

आंबागडावर एकटाच. बुरुजाचे फोटो काढले. आता हे कोणाला नेऊन द्यायचे?

१४ जानेवारी १९७९

काल शहापूरकडे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होता. फोटोत बैल बरे आले असतील, धूळ त्याहून बरी येईल.

पण लिहायचं ते आजचं. दुकानात एक म्हातारं जोडपं आलं. दादा लगेच लुगडी उलगडायला लागला. म्हातारी म्हणाली, "लुगडं नाही पायजे. फोटोवाले कोन?" दुकानात येऊन कोणी मला विचारावं, असं आजवर झालं नव्हतं. दादाही उलगडलेलं लुगडं हातात धरून बघत राहिला.

सिहोऱ्याचे शेतकरी. पुंडलिकराव आणि सत्यभामाबाई. त्यांचा एकुलता एक मुलगा सुखराम श्रावणात भाताची रोवणी चालू असताना बांधीत साप चावून गेला. चोवीस वर्षांचा. यंदा लग्न करायचं होतं. त्याचा एकही फोटो घरात नाही.

"मांगच्या मांगच्या वर्षी तुमच्या मंडईले आलता थो," बाई म्हणाल्या. "पाहाले जातो म्हने. तुमच्या फोटोत कुठंतरी आला असन. गर्दीत, मांगं, कुठंबी. पाहा नं बाबू."

मी त्या मंडईचे सगळे फोटो काढून दिले. बाईंना नीट दिसत नाही. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. काचेखालचा नाच्याही काढून दिला. त्यावर जरा थांबल्या. "असंच लुगडं मायं होतं. पेटीत ठेवलं होतं, कुठं हारपलं का मालूम." आणि बाजूला ठेवला. पुंडलिकराव गर्दीचेच फोटो चाळत होते. गर्दीचे फोटो पुन्हा बघितले. पाळण्याचे बघितले. मग शेवटचा हातात आला, आणि त्यांनी तो छातीशीच धरला.

"हाच. हाच माया सुखराम."

तो माझा फोटो होता. शेंगदाणेवाल्याने काढलेला, दुपट्ट्यातला.

मी बोलायला तोंड उघडलं. पुंडलिकरावांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला हाताला धरून बाहेर ओट्यावर नेलं. म्हणाले, "राहू द्या. पोरगा गेला तवापासून तिले झोप नाही. याच्यावर येईन." मी म्हटलं, अहो पण हे खोटं आहे. ते म्हणाले, "मले दिसते नं. मी काय आंधरा हाओ?"

मी मोठा करून आणून देतो म्हणालो.

२८ जानेवारी १९७९

भंडारा. यादोरावने मोठा फोटो काढून फ्रेम केली. सगळी हकीकत ऐकली आणि हातातलं काम खाली ठेवलं. "जित्या मानसाच्या फोटोले हार? असं नाही करू बाबा. आयुष्य कमी होते."

मी म्हटलं, कमी झालं तर कोणाला कळणार आहे? तो चिडला. चहा मात्र पाजला.

वहिनींना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर आधी माझी दृष्ट काढतील आणि मग महिनाभर बोलतील.

११ फेब्रुवारी १९७९

सिहोरा. पुंडलिकरावांनी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. सत्यभामाबाईंनी फ्रेम पदराने पुसली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि भिंतीला हात टेकून रडल्या. भिंतीवर मी. खाली खाटेवर चहाची कपबशी घेऊन मीच. हसू यायला हवं होतं. मलाही रडू आलं. माझ्या तोंडाकडे बघून कोणी असं रडेल, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. ते रडणं माझ्यासाठी नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी.

मग डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, घरी कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, एवढा वाळला काहून. निघताना नव्या तांदळाचं गाठोडं बांधून दिलं. "अखीन कवा येशीन?"

तुमसरला बस बदलताना तेच डोक्यात. कवा येशीन.

११ मार्च १९७९

सिहोरा. चांदपूरच्या तलावाचे फोटो काढायला आलो असं सांगितलं. तलावावर गेलोच नाही.

८ एप्रिल १९७९

सिहोरा. कॅमेरा घरीच विसरलो. बसमध्ये लक्षात आलं, तरी उतरलो नाही.

२९ एप्रिल १९७९

अक्षय तृतीया. या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. जो बसतो तो त्या दिवसापुरता पितर. सत्यभामाबाईंनी निरोप धाडला होता, सुखरामच्या पाटावर टेकचंदच बसेल, म्हणजे मी. गावात त्याच्या वयाची पोरं काय कमी आहेत?

पुंडलिकरावांनी माझे पाय धुतले. मी पाय मागे घेतला तर म्हणाले, "आज नाही म्हनू नोको." पत्रावळीवर वडे, कढी, शेवया, पन्हं. बाई समोर बसून वाढत होत्या. "जेव रे. अर्ध्यावर उठू नोको, थो उठे अर्ध्यावर." वर भिंतीवर माझाच फोटो, हारासकट. आई गेल्यापासून मी इतका जेवलो नव्हतो. आणि तेही दुसऱ्याच्या वाट्याचं.

खोटं आहे हे सगळं. आणि मला ते सुटायला नको आहे.

१४ ऑक्टोबर १९७९

मंडई जवळ आली. दंडारवाले लुगडी घ्यायला येत आहेत. आज जागेश्वर नावाचा एकजण आला, सिहोऱ्याकडचा. भाव करता करता त्याची नजर काचेखालच्या नाच्यावर गेली आणि तो काचेवर वाकला.

"हा फोटो तुमच्यापाशी कसा?"

मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वीच्या मंडईतला. तुम्ही ओळखता?

"वरखू नाही तं? आमचा सुखराम. बाप नाचाले जाऊ देत नव्हता, म्हनून पाहाले जातो सांगून ये. लुगडंबी मायचंच आने पेटीतून. गेला बिचारा. तसा नाच्या नाही भेटला मंग."

जागेश्वर गेला. दादा विचारत होता, लुगडी दिली का नाही. मला आठवेना.

म्हणजे पहिल्याच दिवशी तो तिच्या हातात होता. मीच दिला होता. ती लुगड्यापाशी थांबली, आणि आम्ही सगळे त्याला गर्दीत शोधत बसलो. गर्दी ज्याला बघत होती तो सुखराम.

१६ ऑक्टोबर १९७९

नाही सांगितलं तर? जागेश्वर काही त्यांच्या घरी जाऊन फोटोचं बोलणार नाही. म्हातारीला झोप येते आहे. पुंडलिकरावांना तर हा फोटो नकोच असेल. पोरगा लुगडं नेसून, काजळ घालून! गावात मान आहे त्यांचा.

ही सगळी कारणं मी त्यांच्यासाठी शोधतोय असं दाखवतो आहे. खरं एवढंच आहे – हा फोटो दिला की माझा उतरणार. माझा उतरला की मी कोणत्या तोंडाने सिहोऱ्याला जाऊ?

१७ ऑक्टोबर १९७९

गेलो नाही.

२१ ऑक्टोबर १९७९

दिवाळी. वहिनींच्या माहेरचे आले. खोली दिली. दुकानात झोपायला आलो आणि काचेखाली तो हात वर करून उभा. फोटो उपडा करून ठेवला. मग पुन्हा सरळ केला.

तिचा आहे तो. माझ्या मेजावर काय करतोय?

२८ ऑक्टोबर १९७९

भंडाऱ्याला जाऊन मोठा करून आणला.  यादोरावने फ्रेम चांगल्यातली लावली. तिथून थेट सिहोरा.

सत्यभामाबाईंनी फ्रेम डोळ्यांजवळ नेली. आधी लुगड्यावरून बोट फिरवलं. "हे मायंच हाये. पदराले इथं जरलं होतं." मग बोट वर गेलं. हातावर, गळ्यावर, तोंडावर. तिथे थांबलं.  कोंबड्या आत आल्या तरी कोणी हाकलल्या नाहीत.

पुंडलिकरावांनी फ्रेम घेतली. मला वाटलं आता फेकतात. ते उंबऱ्यावर उजेडात जाऊन बसले. "किती साजरा दिसते," म्हणाले. आणि मग, "मी एकडावबी नाही पायला नाचतानी." 

मी बाईंना म्हटलं, भिंतीवरचा फोटो माझा आहे. पहिल्या दिवसापासून माझाच होता. मला माफ करा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या उंबऱ्याकडे, नवऱ्याच्या मांडीवरच्या फोटोकडे बघत होत्या. मी चहा न घेता निघालो. मागून हाक आली नाही.

बरं झालं. ज्याचा फोटो त्याला नेऊन दिला.

४ नोव्हेंबर १९७९

मोहाडीची मंडई झाली. गेलो नाही. कॅमेऱ्यात रोल नाही आणि आणावासाही वाटत नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बरं नाही का?" विचारलं, एवढं खरं.

१० नोव्हेंबर १९७९

सिहोऱ्यातूनच लिहितो आहे. सकाळी पुंडलिकराव दुकानात आले आणि दादालाच म्हणाले, "उद्या आमची मंडई हाये. घरी पाहुना पायजे. याले घेऊन जातो." 

भिंतीवर दोन खिळे. हार सुखरामच्या गळ्यात. शेजारी मी, कुंकू पुसलेला, बिनहाराचा. बाईंना म्हटलं, हा आता कशाला ठेवला?

"हार मेल्याले असते," त्या म्हणाल्या. "जितं पोरगं तं असंच असते नं भिंतीवर. हातपाय धू, जेवाले बस."