पेयोच्या जर्सीवरची राळ

प्रिय एव्हाताईस धाकट्या मांडाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकले असं समज). तुझा रक्तदाब कसा आहे? मिठाशिवाय जेवतेस असं लिहिलंस, पण तुझ्या शब्दावर माझा लहानपणापासूनच विश्वास नाही. आमच्याकडे पुढच्या शनिवारी डुक्कर कापायचा बेत आहे.

वि. वि. पत्रास कारण तुझा मेहुणा. पेयो एकवीस वर्षं गावच्या हँडबॉल संघात आहे आणि एकवीस वर्षं मी त्याच्या जर्सीवरची राळ काढते आहे. चेंडू निसटू नये म्हणून हाताला राळ फासायची आणि ते हात माझ्या धुण्याला पुसायचे, याला ही माणसं खेळ म्हणतात. डागावर चरबी चोळून तासभर ठेवायची, मग भांड्यांचा साबण लावून धुवायचं. (तू लोणी सांगितलं होतंस. त्याने काही होत नाही. मुद्दाम सांगितलंस की काय, देव जाणे.) पेयो उभा राहतो गोलाच्या तोंडाशी. तिथे चारजण त्याला मागून ओढतात, म्हणून पाठीवर कायम पंजे उमटलेले. पण गेले तीन गुरुवार सरावाहून येतो तर पाठ कोरी करकरीत, आणि डाग काय ते पोटावर! म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यात डाग चरबीला दाद देईना. नखाने खरवडला तर काचेसारखा तुकडा उडाला. ताई, ती खेळाची राळ नव्हतीच. डुकराचे केस काढायला आपण शिंपडतो ती राळ, आमच्याच पडवीतल्या डब्यातली!

माणूस पोटाला डुकराची राळ फासून घरी येतो, म्हणजे गुरुवारचे दोन तास तो भलतीकडे असतो. गावात केस कापणारी विधवा एकच, येल्का. गेल्या महिन्यात याने दोनदा केस कापून घेतले. डोक्यावर आहेत किती!

काल मी मागोमाग निघाले. येल्काच्या दुकानाला कुलूप होतं (तरी दार हलवून पाहिलं). मग शाळेच्या हॉलवर गेले. तिथे झाडलोट करणारी बारा म्हणाली, “अगं मांडा, पेयोला संघातून कधीच काढलं की! गुडघा गेलाय त्याचा. तुला बोलला नाही?”

हॉलच्या मागे आमची गाडी. आत पेयो, जर्सी घालून, राळेचा खडा लायटरवर मऊ करून पोटाला लावत होता. अगदी मन लावून, जीभ बाहेर काढून. मग घाम दिसावा म्हणून बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना. तशीच घरी परतले.

तो अर्ध्या तासाने लंगडत आला. म्हणाला, “आज फार पळवलं गं.” मी जर्सी ओढून घेतली आणि नेहमीसारखी ओरडले, “किती घाण करतोस रे! वय काय तुझं!” तो इतका खूश झाला की दोन वाडगे सूप प्यायला.

येल्काबद्दल लिहिलेलं मनातून काढून टाक. मी अजून काढलेलं नाही.

तुझ्या यजमानांना नमस्कार. मिठाची बरणी त्यांच्या ताब्यात दे.

तुझी,
मांडा

ता. क. तुझा पोरगा दामिर हँडबॉल खेळतो ना? त्याच्याकडून खऱ्या राळेचा डबा पाठव. गाडीत सीटखाली घरंगळल्यासारखा ठेवून देईन. ही डुकराची राळ काही केल्या निघत नाही, आणि आता शनिवारी डुकरापुरतीही उरलेली नाही.

ता. क. २. लहान डबी नको, मोठा डबाच पाठव. पेयो अजून पुष्कळ वर्षं खेळणार आहे.