एकशेवीसवर अडलेल्या काट्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कर्मचारी आरोग्य कक्ष, तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : आपल्या काट्यात माझे वजन मावत नसल्याने माझी नोकरी न घालवणेबाबत.
संदर्भ : आपली 'कामास अपात्र' ठरवण्याची नोटीस, जा. क्र. ३१२.

महोदय,

१. मी गोदाम क्र. ४ मध्ये मापाडी आहे. बावीस वर्षे पोती तोलतो. मापात कधी फरक आला नाही. माझे स्वतःचे वजन तेवढे वाढले, हे नाकारत नाही. गुडघे कुरकुरतात, झोपेत श्वास अडतो म्हणून बायको ढोसून उठवते, आणि बुटाची नाडी मुलगी बांधते.

२. आपण तीन महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर घरी बसा, असे फर्मावले. त्यानुसार साखर सोडली, तळलेले सोडले, रोज चार किलोमीटर चालतो. दर सोमवारी तीन जिने चढून, धापा टाकत हजर झालो. परंतु आपला काटा एकशेवीसच्या पुढे जातच नाही. परिचारिकाबाईंनी बाराही सोमवारी १२० लिहिले, आणि आपण मान वर न करता शेरा मारलात : 'प्रगती शून्य. तोंडावर ताबा नाही.'

३. नोटिशीच्या दिवशी मी १४१ किलो होतो, आज १२६ आहे. आमच्या गोदामात पंधरा किलोची तूट आली तर चौकशी बसते. आपल्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तोंडी विचारले असता, १२० च्या खाली या, मग काटा दाखवेल, असे उत्तर मिळाले. मुदत शुक्रवारी संपते. चार दिवसांत सहा किलो उतरवायचे तर एक पाय घरी ठेवून यावे लागेल, साहेब.

४. म्हणून गोदामाच्या तपासणी झालेल्या काट्याच्या पावत्या जोडत आहे. मालाचे नाव घातल्याशिवाय आमच्याकडे पावती फाटत नाही, आणि छापील यादीत माणूस नाही. सहकाऱ्याने 'भंगार' लिहिले व पोट धरून हसला. मीही हसलो. घरी जाताना मात्र फार लागले.

५. तरी पावतीवरील वजन ग्राह्य धरून नोटीस मागे घ्यावी. मालाचा रकाना वाचू नये. तो आपण माझ्यापुरता आधीच भरलेला आहे.

काल बुटाची नाडी मी स्वतः बांधली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, तेही कळवावे.

आपल्या काट्याबाहेरचा, तरीही नम्र,
(सही)
मापाडी, गोदाम क्र. ४
दिनांक : १४ मार्च, सोमवार

सोबत : पावत्या दोन (माल : भंगार. वजन : १४१ कि., १२६ कि. तूट : १५ कि. तुटीस जबाबदार : मापाडी स्वतः.)