एका जहागिरीचे दोन धनी

आबा,

चारचौघांत तुम्हाला 'सरकार' म्हणायचं आणि आईच्या चुलीपुढं 'आबा', हा दंडक तुमचाच. इथं चारचौघं नाहीत, तेव्हा आबाच म्हणतो. तुमचा धाकटा आत्ताच माझ्या कारखान्यातून उठून गेला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुम्ही घातलेला घोळ अजून माझ्याच उंबऱ्यावर येऊन बसतो. तुमच्यावर एकदा पोटभर चिडावं म्हणून लिहायला बसलोय.

त्याचा टांगा कोपऱ्यावर वळला तेव्हाच आवाजावरून कळलं होतं की डाव्या चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय. वाटलं, दुरुस्तीला आला असेल. आत येऊन बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दादा, महाराजांकडं अर्ज देणार हाय मी. वाटेत गाडी थांबवून ऐकून घेत्यात म्हणं. तुम्ही साक्षीला या."

"कसल्या साक्षीला?"

"आबासाहेबांनी मरताना माझं नाव घेतलं, ह्याच्या. तुम्हीच सांगितलं न्हाई का मला? आता जोतिबाच्या पायरीवर हात ठेवून सांगा की."

सांगितलं होतंच.

आबा, गोष्ट साधी होती. जहागिरीचं गाव एक, ते फोडून वाटता येत नाही, थोरल्याकडं अखंड जातं, हा दरबारचा रिवाज. रिवाजाप्रमाणं तुम्ही गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण तुम्हाला कुणाचा पडलेला चेहरा बघवायचा नाही. थोरल्या बाईसाहेब रुसल्या की दसऱ्याच्या शिलंगणाला घराण्याची तलवार त्यांच्या लेकाच्या हातात, धाकट्या बाईसाहेब रुसल्या की त्यांच्या लेकाच्या हातात. तलवार घेऊन पुढं चालेल तो उद्याचा धनी, असं अख्खं गाव मानायचं, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला सांगू नका. एका वर्षी तर दोघेही रुसून आजोळी गेले, तेव्हा तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. चाबुकस्वाराच्या विधवेच्या पोटी झालेला तुमचा लेक मी, वयानं दोघांच्याही पुढं आणि मानात कुठंच नाही. वेशीपर्यंत ताठ मानेनं चाललो. परत आल्यावर आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तलवार ठिवून आलास न्हवं? मग बस जेवायला." ती शहाणी होती. गावातले म्हातारे मात्र अजून भांडतात, कुठल्या वर्षीचा दसरा खरा म्हणून.

मी शहाणपणा आईकडून घेतला. गाव सोडलं, कोल्हापुरात येऊन एका मिस्त्रीच्या हाताखाली चाकं ठोकायला शिकलो आणि पुढं स्वतःचा कारखाना टाकला. तुम्ही एकदाच आलात. दारातूनच म्हणालात, "सरदाराच्या रक्ताचा माणूस, आणि हातात सुताराचा वाकस?" मी म्हटलं, "सरकार, सरदारांच्याच गाड्या तासतोय." कारागीर हसले, तुम्ही नाही हसलात. तरी जाताना सगळ्या बग्ग्यांवरून हात फिरवत गेलात, आणि पुढच्याच आठवड्यात तुमची बग्गी दुरुस्तीला आली. रागावलात तेही अर्धवटच. कुठली गोष्ट शेवटापर्यंत नेलीत तुम्ही?

आणि मग तो दिवस. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. थोरला पंचांच्या मागं, धाकटा वकिलाच्या मागं, दोघांनाही तुमच्याजवळ बसायला सवड नाही. दोघांच्याही माणसांना चालेल असा मी एकटाच, कारण मला काही मिळणार नाही याबद्दल दोन्हीकडं एकमत होतं. दुपारची वेळ आहे. मी तुमच्या ओठांना ओला कापूस लावतोय. तुम्ही मनगट धरता आणि म्हणता, "थोरल्याला सांग, तुझंच नाव घेतलं." मी बरं म्हणतो. जरा दम खाऊन तुम्ही म्हणता, "धाकट्यालाबी सांग, तुझंच घेतलं." आणि डोळे मिटता, कसे, तर मोठं काम उरकल्यासारखे.

मरणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही. नाहीतर त्याच दिवशी ओरडलो असतो.

चौकशीला दरबारचे अंमलदार आले. विचारलं, सरकारांनी वारस कोण म्हणून सांगितलं? मी म्हणालो, शेवटी त्यांची वाचा गेली होती. खोटं बोललो, पण रिवाजाप्रमाणं जहागीर थोरल्याकडं गेली आणि धाकट्याला पोटगी लागली. तिथं संपवायला हवं होतं. पण बापाचा निरोप अंगावर ठेवायचा कसा? थोरल्याला बाजूला घेऊन तुमचे शब्द सांगितले, महिन्याभरानं धाकट्यालाही सांगितले. दोघांनाही बजावलं, हे चारचौघांत काढू नका. वाटलं, गार होतील. झालं भलतंच. थोरला समजतो, बापानंच दिलं, भावाचं काही लागत नाही. धाकटा समजतो, बापानं दिलेलं लुबाडलं. बारा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. ते जे धरून बसलेत ते मीच त्यांच्या हातात दिलंय, आणि मला कोणी दिलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आज पायरीचं नाव निघालं तेव्हा मी थांबलो. म्हटलं, "बस. नीट ऐक." आणि त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे थोरल्यालाबी हेच सांगितलंय?"

"हेच."

"आनि त्योबी हेच उराशी धरून बसलाय?"

"व्हय."

तो हसायला लागला, अगदी तुमच्यासारखा, खांदे हलवून. मध्येच थांबला. "माझ्या आईनं ह्या एका शब्दावर दिस काढलं, दादा." याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर कळवा, आबा.

अर्जाचा कागद त्यानं घडी करून पुन्हा खिशात घातला. फाडला नाही. "थोरल्याला कोन सांगणार?" मी म्हटलं, मी जातो, उद्याच. तुमचा शब्द मोडतोय, राग आला तर येऊ द्या. तुमच्या दोन्ही लेकांचे केस पिकायला लागलेत. आता तरी त्यांना कळू दे की बापानं एकालाच दिलं नव्हतं, दोघांनाही फसवलं होतं, आणि तेही माया होती म्हणून.

टांग्यात पाय ठेवता ठेवता तो मागं वळला. "आनि तुमचं नाव? ते न्हाई घेतलं व्हय त्येनी?"

"मी कुठला त्यात," म्हटलं, आणि घोड्याला थाप मारली.

त्याला एक सांगितलं नाही. दुसरं वाक्य बोलून तुम्ही डोळे मिटलेत, तेव्हा मी तुमच्या तोंडाशी वाकलो आणि विचारलं, "आबा, नीट ऐकू आलं न्हाई. कुणाकुणाला सांगू?" तुम्ही डोळे न उघडता पुन्हा तीच दोन नावं घेतलीत. मला पहिल्या वेळीच लख्ख ऐकू आलं होतं.