नानांच्या दहाव्याचा कावळा

दूधविनायक, काशी
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

प्रिय इंदू,

गेल्या कार्तिकापासून तू संकठेच्या देवळात येत नाहीस. मी मात्र दर शुक्रवारी जाते, आपण दोघी बसायचो त्या ओट्यावर थोडा वेळ टेकते आणि परत येते. घरात सगळ्यांना वाटतं, सूनबाईंना एकाएकी भक्तीचं भरतं आलंय. वाटू दे. तू का येत नाहीस हे मी विचारत नाही, कारण त्या दिवशी मी तिथंच उभी होते. नानांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या दारात तुझ्या दादानं चार बायका ऐकत असताना तुला सुनावलं की पान मांडलं न मांडलं तोच कावळा शिवला, नानांचं मन कशातच अडकलेलं नव्हतं, तुझ्यातही नाही. तू चपला हातातच घेतल्यास आणि पायऱ्या उतरून रामनगरच्या नावेत जाऊन बसलीस. विष्णूशी लग्न केलंस म्हणून या घराचं दार तुला इतकी वर्षं बंद होतं, ते तू सोसलंस. नाना अंथरुणाला खिळलेले असताना, अखेरच्या दिवशीही, तुला खालच्या चौकातूनच परत पाठवलं, तेही सोसलंस. पण बापाला जाताना आपली आठवणसुद्धा नव्हती, हे तुला सोसलं नाही. मला तरी कुठं सोसलं असतं?

हे पत्र घाण आहे, आधीच सांगून ठेवते. घरातच तसा वास येतो, तो कागदालाही लागला असेल. छतावरची ती खोली आठवते ना, जिथं तू बी.ए.चा अभ्यास करायचीस आणि मी तुला चोरून चहा आणून द्यायची? तिथं आता श्रीनिवास कावळे ठेवतो. हो, नाव घेते आहे. लग्न होऊन आल्यापासून ‘हे’ आणि ‘तुझा दादा’ असंच म्हणत आले, आज जीभ वळत नाही. तर श्रीनिवासशास्त्र्यांनी नवा उद्योग काढलाय. देशाकडून दहावं-तेरावं करायला येणाऱ्या यजमानांना परतीची गाडी गाठायची असते. घाटावरचा कावळा काही त्यांच्या गाडीच्या वेळेनं येत नाही. दर्भाच्या कावळ्याची सोय शास्त्रात आहेच, पण तेवढ्यानं लोकांचं समाधान होत नाही, त्यांना खराच हवा असतो. म्हणून एक बहेलिया, म्हणजे पाखरं धरून विकणारा, आपल्याकडे कावळे आणून देतो. पंख कातरायचे, पायाला सुतळी बांधायची, आदल्या दिवसापासून दाणा दाखवायचा नाही, आणि सकाळी टोपलीखाली झाकून घाटावर न्यायचा. भुकेनं कासावीस झालेलं ते पाखरू, टोपली उचलली की भातावर तुटून पडतं. झाला काकस्पर्श! मी एकदा म्हटलं, हे पाप आहे. तर म्हणतो, दर्भाचा चालतो तर जिता का चालू नये? नानांच्या मांडीवर बसून शिकलेली सगळी विद्या या एका प्रश्नात कारणी लागली.

तुला वाटेल, वहिनी एका पाखरासाठी एवढी का चिडली. नुसती पाखरासाठी नाही गं. मागच्या महिन्यात नाशिककडचं एक कुटुंब आपल्याकडे उतरलं होतं. वडील वारलेले, मागं आई आणि दोन मुलगे. आदल्या संध्याकाळी ती माउली माझ्याजवळ भाजी निवडत बसली आणि हळूच म्हणाली की थोरला म्हणतो धाकट्याकडे राहा, धाकटा म्हणतो थोरल्याकडे. सकाळी घाटावर जाताना तिला धरायला म्हणून मी सोबत गेले. नदी चढलेली होती, वरच्या पायऱ्यांवरच विधी मांडला होता. तुला ठाऊकच आहे, कावळा शिवत नसला की घरच्यांनी एकेकानं पुढं होऊन गेलेल्याच्या मनातलं ओळखायचं असतं, हात जोडून शब्द द्यायचा असतो. वाईला माझ्या आजोबांच्या दहाव्याला कितीतरी वेळ कावळा फिरकेना. ऊन चढलं, बायकांनी कुजबुज सुरू केली. शेवटी माझे थोरले काका रडकुंडीला येऊन म्हणाले की धाकट्याला विहिरीच्या पाण्यासाठी पुन्हा कधी अडवणार नाही, आणि कावळा आला. त्याला ते कळलं की त्याला तेव्हाच भूक लागली, देव जाणे. पण चारचौघांत तोंडातून गेलेला शब्द काकांना परत गिळता आला नाही, मरेपर्यंत त्यांनी तो पाळला. मला वाटतं, त्यासाठीच ती सगळी रीत असेल. तर त्या सकाळी नाशिकच्या थोरल्यानं हात जोडले, ‘आईला’ एवढं म्हणाला आणि थांबला. तेवढ्यात श्रीनिवासनं टोपली उचलली. कावळ्यानं झडप घातली. थोरल्यानं तोंड मिटलं, धाकट्यानं घड्याळ बघितलं, आणि दोघांच्या तोंडावर सुटका झळकली. ती आई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. वाक्य पुरं करायला कुणी तिच्या मुलाला सांगितलं नाही.

आणि त्याच घरात, त्याच छतावर मी जे बघते ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. माघात पहिला कावळा आणला तेव्हा तो खोलीच्या दारात बांधलेला होता. त्यानं एकदा दोनदा हाक दिली असेल नसेल, शेजाऱ्यांच्या कठड्यापर्यंत सगळीकडे कावळे येऊन बसले. एवढा कालवा की खाली मंत्र ऐकू येईनात. बाकीचे संध्याकाळपर्यंत पांगले, एक मात्र जाईना. रोज यायचा. चोचीत पोळीचा तुकडा, कधी कुणाच्या पत्रावळीवरचा वडा घेऊन यायचा, बांधलेल्याच्या समोर उतरायचा आणि त्याच्या चोचीत भरवायचा. अगदी आई पिलाला भरवते तसा. श्रीनिवासला हे कळलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, सांग बरं? त्याला वाटलं की अशानं कावळा उपाशी राहायचा नाही आणि सकाळी घोटाळा होईल. त्यानं वर जाळी मारून घेतली. नवऱ्याची किळस येणं हे आम्हा बायकांना कुणी शिकवलेलं नसतं, इंदू. ती त्या दिवशी मला आपोआप आली.

पुढं फाल्गुनात तो कावळा मेला. श्रीनिवासनं त्याला पायाला धरून उचललं आणि मागच्या गल्लीत फेकलं. मी खिडकीतून बघत होते. आधी एक आला, मग चार, मग सगळी गल्ली काळी झाली. थोडा वेळ नुसता आकांत, आणि मग एकदम चिडीचूप. मेलेल्याला कुणी चोच लावली नाही. बसले, बघितलं, निघून गेले. त्या दिवसापासून तुझे बंधुराज घराबाहेर पडले की कावळे त्यांच्या डोक्यावर येतात. टाळक्यात टोचा मारतात, शेंडी ओढतात. गर्दीतूनही बरोबर त्यालाच ओळखतात. मी छतावर गेले, पाणी ठेवलं, तर मला काही करत नाहीत. आता हा माणूस लख्ख उन्हात छत्री घेऊन फिरतो आणि सगळ्या घाटावर त्याचं नाव ‘छातावाले पंडितजी’ पडलंय. सगळ्यात मजा पुढेच आहे. आषाढात कावळ्यांची नवी पिलं उडायला लागली. त्यांनी ना तो पहिला कावळा पाहिलेला, ना ती गल्ली. तीही आता त्याच्याच डोक्यावर येतात! आईबापांनी सांगितल्याशिवाय का येतात? त्यांच्यात एकावर काही बेतलं की साऱ्या जातीला खबर जाते, आणि आपल्यात बाप अंथरुणाला खिळला तर नदीपलीकडच्या लेकीला घरून खबर जात नाही. वर आपण त्यांना अशुभ म्हणायचं! त्यानं पान मांडलं की आता मोकळा कावळा आसपासही उतरत नाही, म्हणून त्याला बांधलेले आणखी लागतात. पितृपक्ष तोंडावर आलाय, तर यंदा तीन मागवलेत.

आता नानांचं सांगते. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांची वाचा गेली, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. उजवा हात तेवढा हलत होता. तो हात उचलून ते सारखे पूर्वेच्या भिंतीकडे दाखवायचे. श्रीनिवास म्हणाला, गंगा मागतायत. काशीतला ब्राह्मण शेवटी दुसरं काय मागणार, असं वर सगळ्यांना समजावलं. झालं, लोटेच्या लोटे आले, आणि जो तो त्यांना चमच्यानं गंगाजल पाजायला लागला. नाना ओठ घट्ट मिटून घ्यायचे. पाणी गळ्यावरून उशीत जायचं. पुन्हा हात वर, पुन्हा भिंतीकडे, पुन्हा चमचा. शेवटी शेवटी तर ते त्या चमच्याकडे असे बघायचे की मला तिथं उभं राहवेना. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, त्या भिंतीपलीकडे गंगा आहे तसं गंगेपलीकडे रामनगरही आहे, इंदूला बोलवा. श्रीनिवास म्हणाला, माणूस पाठवला होता, घराला कुलूप आहे, दोघं मिर्झापूरला गेलीत. मी विश्वास ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी तू खालच्या चौकात उभी राहिलीस, मला दिसलीसही नाहीस, तू गेल्यावर कळलं. तू मिर्झापूरला गेलीच नव्हतीस ना गं? मला उत्तर माहीत आहे, तरी विचारते.

आणि आता मूळ गोष्ट. काल श्रीनिवास घरी नसताना तो बहेलिया पितृपक्षाचे कावळे घेऊन आला. मी पिंजरा बाहेरच ठेव म्हटलं, तर मला खूश करायला हसत म्हणतो, “बाबूजी के दसवाँ में जइसन दिये थे, वइसने सीधा है, माताजी.” म्हणजे नानांच्या दहाव्याला दिला होता, तसाच हाही गरीब कावळा आहे. हा धंदा माघात सुरू झाला असं मी समजत होते. नाना तर कार्तिकात गेले. दहाव्याला आम्ही बायका घाटावर गेलो नव्हतो, पुरुषांनी येऊन सांगितलं की लगेच शिवला, आणि आम्ही हात जोडले. इंदू, नानांच्या पानाला शिवलेला कावळा बांधलेला होता. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेला होता. मोकळा कावळा आला नसता तर कुणाला तरी पुढं होऊन तुझं नाव घ्यावं लागलं असतं, तुला घरी आणू असा शब्द चारचौघांत द्यावा लागला असता, आणि श्रीनिवासला तो द्यायचा नव्हता. म्हणजे नानांचं मन कशात अडकलं होतं हे त्यांना कुणी विचारलंच नाही. जे कुणी विचारलंच नाही, त्याचं उत्तर म्हणून ती उपाशी झडप तुला देवळाच्या दारात ऐकवली. हे तुला कळावं म्हणून लिहायला बसले. कालचे कावळे मी परत पाठवले, वरचा होता त्याची सुतळी कापली, जाळी उचकटली. त्याला अजून नीट उडता येत नाही, पण कठड्यावर दोघं-चौघं त्याच्यापाशी बसून आहेत. नदी चढल्यानं नावा बंद आहेत, म्हणून शुक्रवारी मी राजघाटाच्या पुलावरून रिक्षानं तुझ्याकडे येते. भात तुझ्या चुलीवर शिजवू आणि नानांचं पान तुझ्या अंगणात मांडू. कावळा येईल न येईल, ती त्याची मर्जी. पण तुझं नाव मी मोठ्यानं घेणार आहे, आणि मला परतायची घाई नाही.

तुझीच,
मृणालिनीवहिनी