डब्यावरची बारीक अक्षरं

११ जून
तो डबा पुन्हा दिसला! साखरेच्या डब्यामागे दडवलेला. 'नैसर्गिक तंतू — बद्धकोष्ठतेवर आराम.' झाकणावर पेनाने लिहिलंय, 'रात्री एक चमचा, रोज.' अक्षर वरच्या मजल्यावरच्या केमिस्टचं. जिन्यातल्या नोटिसा तोच लिहितो, ते तिरकं वळण मी कुठेही ओळखीन. औषधाचं दुकान विकून निवृत्त झाला, बायको कधीच गेली, आणि आता माझ्या बायकोच्या पोटाची काळजी वाहतो!
हिला विचारलं, "हे काय?"
"काही नाही."

१२ जून
प्रेमपत्र सापडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. यावर काय भांडू? आपलं पोट साफ होत नाही हे बायको परक्या माणसाला सांगते, नवऱ्याला नाही. यापेक्षा खाजगी काय असतं माणसाचं?

१४ जून
डबा पिशवीत घालून माझ्या चष्म्याच्या दुकानात नेला. गिऱ्हाईक नव्हतं. चष्म्याचे स्क्रू बसवायचं भिंग डोळ्याला लावलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. इसबगोलाचा भुसा. इन्युलिन. सायट्रिक आम्ल. सुक्रालोज. संत्र्याचा कृत्रिम स्वाद. बाहेर एवढं मोठं संत्र्याचं चित्र, आत संत्रं औषधालाही नाही! हे का याचं ज्ञान?
समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन सगळे डबे काढायला लावले. एकेकाचं लेबल वाचत बसलो. दुकानदार वैतागला — "काका, डबा घ्यायचाय की परीक्षेला बसायचंय?" शेवटी एक मिळाला. घटक एकच, भुसा. ना रंग, ना स्वाद. त्याच्यापेक्षा सरस!
संध्याकाळी हिच्या हातात ठेवला. चपापली. "कोणासाठी?"
"तुझ्यासाठी."
बघत राहिली, मग खो खो हसत सुटली. हसता हसता मध्येच थांबली. "ठेवा तिथे." बस्स. एवढंच!

१७ जून
जिन्यात दोघं बोलत उभी. मला पाहिलं आणि गप्प. हिचं शेवटचं वाक्य कानावर पडलंच — "...ऐकतील तर ना, भाऊजी!" भाऊजी म्हणते. म्हणायला काय जातं?
तो मला म्हणतो, "काय, तब्येत बरी ना?" माझी कशाला विचारतो! सत्तरी आली याची, डोक्यावरचा एक केस हललेला नाही. मला तेही बघवत नाही.

१८ जून
जेवलो. हिने दिलेलं सरबत प्यायलो, झोपलो.

१९ जून
ही बाजारात गेली तशी त्याचा डबा बेसिनमध्ये पालथा केला, वर नळ सोडला. भुसा पाण्यात फुगतो हे लेबलावर छापलेलं होतं. वाचलंही होतं मी! बेसिन गच्च तुंबलं. प्लंबर बोलवावा लागला. पाइप खोलला तर थुलथुलीत गोळा बाहेर. "साहेब, पोटात घ्यायची वस्तू पाइपात कशी गेली?" ही पिशव्या घेऊन दारात उभी.
प्लंबर गेल्यावर माझा तोल सुटला. "त्याला सांगतेस, मला नाही! मी कोण मग?"
ही खुर्चीत बसली. "अहो, माझं पोट ठणठणीत आहे. तो डबा तुमचा होता. रोज रात्री तुमच्या सरबतात घालते."
"माझ्या सरबतात?"
"आत जाऊन किती वेळ बसता. विचारलं की अंगावर येता. आणि त्या दिवशी संडासाच्या भांड्यात रक्त दिसलं मला. दादांचं आठवतं ना? तुमच्या सख्ख्या भावाचं? असंच सुरू झालं होतं, आणि त्यांनी शेवटपर्यंत लपवलं. भाऊजी सारखे सांगतात, वहिनी, भुशाने भागायचं नाही, त्यांना डॉक्टरकडे न्या. कसं नेऊ? कोणाशी बोलू मी?"
रडली नाही. भाजी काढून निवडायला लागली.
रक्त मलाही दिसलं होतं. एकदा नाही. इथेसुद्धा लिहिलं नाही.

२३ जून
मोठ्या आतड्याची तपासणी उद्या सकाळी. हिला आत येऊ देणार नाहीत, बाहेर एकटीच बसेल.
वर जाऊन बेल वाजवली. केमिस्टने दार उघडलं. म्हटलं, "हिच्याजवळ बसाल का?"
लगेच चपला शोधायला लागला. म्हटलं, "अहो, उद्या!"